कोडिंग येत नाही, पण सही तुमचीच लागते: मॅनेजरने आयटी टीमला विचारायलाच हवेत असे ५ प्रश्न

२७ जून २०१७. रायगड जिल्ह्यातल्या उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरात, म्हणजेच जेएनपीटीमध्ये, एका टर्मिनलवरचं काम अचानक थांबलं. क्रेन बिघडल्या नव्हत्या, कामगारांचा संप नव्हता, पाऊसही आडवा आला नव्हता. बंद पडले होते ते कॉम्प्युटर. कोणता कंटेनर कुणाचा, तो कुठे ठेवलाय आणि कोणत्या ट्रकवर चढवायचा, हे सांगणारी यंत्रणाच ठप्प झाली होती.

हे टर्मिनल डेन्मार्कच्या 'मर्स्क' या बलाढ्य शिपिंग समूहातली कंपनी चालवत होती. त्याच दिवशी मर्स्कची रॉटरडॅमपासून अमेरिकेपर्यंतची अनेक टर्मिनल्स अशीच अडकली. कंपनीने नंतर सांगितलेला तोट्याचा अंदाज होता २५ ते ३० कोटी डॉलर.

आता प्रश्न असा, की हे आयटी विभागाचं अपयश होतं की व्यवस्थापनाचं?

बहुतेक ऑफिसांमध्ये याचं उत्तर ठरलेलं असतं. "ते टेक्निकल आहे, आयटीवाले बघतील." सेल्स, फायनान्स, एचआर किंवा प्रॉडक्शनमधून वर आलेल्या मॅनेजरला सर्व्हर, क्लाउड, एपीआय हे शब्द ऐकले की गप्प बसणंच बरं वाटतं. पण सॉफ्टवेअर खरेदीच्या फाइलवर सही त्याचीच असते. यंत्रणा बंद पडली की ग्राहकांचे फोनही त्यालाच येतात.

जगभरातल्या मोठ्या घटना पाहिल्या, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. नुकसान टाळण्यासाठी मॅनेजरला कोडिंग येण्याची गरज नव्हती. काही साधे प्रश्न वेळेवर विचारले जाण्याची गरज होती.

आधी पाच शब्द समजून घेऊया

सर्व्हर: इतर कॉम्प्युटरना सेवा देणारा कॉम्प्युटर. तुमच्या टेबलावरचा कॉम्प्युटर मागतो, सर्व्हर देतो. "सर्व्हर डाऊन आहे" याचा अर्थ देणारा उत्तर देत नाहीये.

डेटाबेस: शिस्तीत लावलेली नोंदवही. ग्राहक, बिलं, स्टॉक, पगार, सगळं यात असतं. सॉफ्टवेअर पुन्हा विकत घेता येतं. ही वही गेली तर ती बाजारात मिळत नाही.

क्लाउड: नाव ढगाचं असलं तरी ही माहिती जमिनीवरच असते, दुसऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये. स्वतःचं गोदाम बांधण्याऐवजी भाड्याने गाळा घ्यावा, तसं. इमारत सांभाळणं मालकाचं काम, पण तुमच्या गाळ्याला कुलूप लावणं तुमचंच.

एपीआय: दोन सॉफ्टवेअरमधली खिडकी. तहसील कार्यालयात तुम्ही आत जाऊन दप्तर चाळत नाही. खिडकीवर ठरलेला अर्ज देता आणि ठरलेला दाखला मिळतो. तुमची वेबसाइट बँकेकडून पेमेंट घेते, तेव्हा दोघांमध्ये अशीच खिडकी असते.

बॅकअप: माहितीची वेगळी ठेवलेली प्रत. यातला महत्त्वाचा शब्द 'प्रत' नसून 'वेगळी' आहे. तो का, हे पुढे कळेल.

एवढी शिदोरी पुरेशी आहे. आता प्रश्नांकडे वळूया.

प्रश्न १: हे बंद पडलं तर आपण किती वेळ तग धरू शकतो?

समजा, एखाद्या दूध संघाचं संकलनाचं सॉफ्टवेअर दोन तास बंद पडलं. दुपारी २ वाजता बंद पडलं तर फारसं कुणाला कळणारही नाही. सकाळी ६ वाजता पडलं तर? गावोगावच्या केंद्रांवर रांगा लागतील, फॅटची नोंद होणार नाही आणि दूध तर थांबत नाही. सॉफ्टवेअर तेच, तास दोनच, पण नुकसानात जमीन-अस्मानाचा फरक.

हा फरक आयटी इंजिनिअरला आपोआप कळत नाही. तो धंदा चालवणाऱ्यालाच ठाऊक असतो. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या यंत्रणेसाठी मॅनेजरने दोन आकडे ठरवून द्यायला हवेत.

पहिला आकडा: यंत्रणा जास्तीत जास्त किती वेळ बंद राहिली तर चालेल?

दुसरा आकडा: किती वेळाची माहिती गमावली तर चालेल? बॅकअप रोज रात्री १२ ला होत असेल आणि बिघाड संध्याकाळी ६ ला झाला, तर १८ तासांच्या नोंदी गेल्या. कारखान्याच्या हजेरीसाठी हे कदाचित निभावून नेता येईल. बँकेसाठी अजिबात नाही.

हे दोन आकडे जितके लहान, तितका खर्च मोठा. म्हणूनच हा निर्णय तांत्रिक नसून धंद्याचा आहे.

इथेच आणखी एक फसवा आकडा भेटतो. सेवा देणाऱ्या कंपन्या करारात लिहितात, "९९.९ टक्के वेळ सेवा सुरू राहील." ऐकायला भारी वाटतं. हिशेब केला तर ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे पावणेनऊ तास बंद. ९९ टक्के म्हणजे वर्षाला साडेतीन दिवसांहून जास्त. ९९.९९ टक्के म्हणजे साधारण ५२ मिनिटं. करारात टक्केवारी वर्षाच्या हिशेबाने मोजली जात असेल, तर हे पावणेनऊ तास एकाच दिवशी, तेही दिवाळीच्या आदल्या दिवशी आले, तरी करार मोडलेला नसतो. त्यामुळे टक्केवारी ऐकून मान डोलावण्याआधी त्याचे तास करून घ्यावेत.

प्रश्न २: बॅकअप आहे हे ठीक, पण तो परत आणून पाहिलाय का?

आता पुन्हा मर्स्ककडे. नेमकं काय घडलं होतं?

युक्रेनमध्ये हिशेब आणि करभरणीसाठी 'एम.ई.डॉक' नावाचं सॉफ्टवेअर सर्रास वापरलं जात होतं. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' हा व्हायरस पसरवला. मर्स्कच्या युक्रेनमधल्या कार्यालयातही हे सॉफ्टवेअर होतं. तिथून व्हायरस कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये शिरला. स्क्रीनवर खंडणी मागितली जात होती, पण पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोय त्यात नव्हतीच. तो पुसून टाकण्यासाठीच बनवला होता. युक्रेनला लक्ष्य केलेल्या या हल्ल्यामागे रशियाचं लष्कर असल्याचा ठपका अमेरिका आणि ब्रिटनने २०१८ मध्ये ठेवला. रशियाने तो फेटाळला. म्हणजे मर्स्कशी कुणाचं वैर नव्हतं. सुक्याबरोबर ओलंही जळालं.

अमेरिकेतल्या 'वायर्ड' मासिकाने २०१८ मध्ये या घटनेचा सविस्तर वृत्तांत छापला. त्यातला एक तपशील प्रत्येक मॅनेजरने लक्षात ठेवावा असा आहे.

कंपनीत कोण कर्मचारी आहे आणि त्याला कशाची परवानगी आहे, हे सांगणारे सुमारे १५० सर्व्हर मर्स्ककडे होते. जगभर पसरलेले हे सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवत. एक बंद पडला तर बाकीचे आहेत, असा हिशेब. पण सगळे एकाच वेळी पुसले जातील, याचा विचार झाला नव्हता. प्रती होत्या, पण त्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. वेगळी ठेवलेली एकही नव्हती.

मग वाचवलं कुणी? आफ्रिकेतल्या घाना देशातल्या एका वीजकपातीने. हल्ल्याच्या आधीच तिथली वीज गेली होती, त्यामुळे तिथला सर्व्हर नेटवर्कपासून तुटलेला होता. जगभरात तेवढी एकच प्रत शाबूत राहिली. घानामधून इंटरनेटवरून ती पाठवायला फार दिवस लागले असते आणि तिथल्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी त्याने विमानाने नायजेरिया गाठलं, विमानतळावर दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती हार्ड डिस्क सोपवली आणि ती लंडनला गेली.

कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं, की १० दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. त्या काळात लोकांनी जमेल तसं हाताने काम करून बहुतांश माल हलवला, हेही त्यांनी सांगितलं.

म्हणून "बॅकअप आहे का?" हा प्रश्न अर्धाच आहे. पूर्ण प्रश्न असे:

- बॅकअपची एक तरी प्रत नेटवर्कपासून तोडलेली आहे का?
- एक प्रत दुसऱ्या ठिकाणी आहे का?
- तो बॅकअप वापरून यंत्रणा पुन्हा सुरू करण्याची रंगीत तालीम शेवटची कधी झाली आणि तिला किती तास लागले?

तिसऱ्या प्रश्नावर खोलीत शांतता पसरली, तर बॅकअप फक्त कागदावर आहे असं समजावं.

प्रश्न ३: हा बदल बिघडला तर मागे कसं यायचं?

सॉफ्टवेअरमध्ये बदल रोज होतात आणि बरेच बिघाड बदलाच्या दिवशीच होतात.

१ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या 'नाइट कॅपिटल' या शेअर बाजारातल्या मोठ्या कंपनीने याची किंमत मोजली. नवं सॉफ्टवेअर ८ सर्व्हरवर बसवायचं होतं. ७ वर बसलं, आठव्यावर राहून गेलं. त्या आठव्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता. बाजार उघडताच तो जागा झाला आणि धडाधड ऑर्डर पाठवू लागला.

सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये ४० लाखांहून जास्त व्यवहार झाले. तोटा ४६ कोटी डॉलरच्या पुढे गेला. वर्षभरात ही कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

अमेरिकेच्या बाजार नियामकाने, म्हणजे आपल्याकडच्या सेबीसारख्या संस्थेने, चौकशी करून १ कोटी २० लाख डॉलरचा दंड ठोठावला. चौकशीत समोर आलेल्या तीन गोष्टी अशा, ज्यांत कोडिंगचा संबंधच नाही.

एक, आठही सर्व्हरवर काम झालं का, हे दुसऱ्या माणसाने तपासावं असा लेखी नियमच नव्हता.

दोन, बाजार उघडण्याआधी यंत्रणेने गडबडीची सूचना देणारे ९७ ईमेल पाठवले होते. ते इशारे म्हणून पाहण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे कुणी हललं नाही.

तीन, गोंधळात टीमने बरोबर चाललेल्या ७ सर्व्हरवरचं नवं सॉफ्टवेअर काढून टाकलं. त्यामुळे तिथलाही जुना कोड जागा झाला आणि आग आणखी भडकली.

इंजिनाचं ज्ञान नसलेला प्रवासीही ड्रायव्हरला "ब्रेक तपासलेत ना?" असं विचारू शकतो. तसंच मॅनेजरने प्रत्येक मोठ्या बदलाआधी विचारावं: हे कुणी केलं आणि कुणी तपासलं? बिघडलं तर मागे येण्याची पद्धत लिहून ठेवली आहे का? सगळं थांबवण्याचा अधिकार कुणाला आहे? आणि महिन्याच्या शेवटी, पगाराच्या किंवा जीएसटी भरण्याच्या दिवशीच हा बदल का करायचाय?

प्रश्न ४: किल्ल्या कुणाकडे आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी फोन कुणाचा वाजेल?

११ ऑगस्ट २०१८. दुसरा शनिवार, बँकांना सुट्टी. त्या दिवशी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या बनावट कार्डांवरून देश-विदेशातल्या एटीएममधून पैसे निघत होते. एकूण २८ देशांत. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. एकूण फटका ९४ कोटींच्या वर.

हे झालं कसं? तुम्ही एटीएममध्ये कार्ड घातलं की मशीन बँकेला विचारतं, "या खात्यात पैसे आहेत का? देऊ का?" हा निरोप 'स्विच' नावाच्या यंत्रणेतून बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत जातो. हल्लेखोरांनी मधल्या वाटेवर आपला बनावट स्विच बसवला. निरोप बँकेपर्यंत पोहोचायच्या आधीच तो परस्पर "हो, द्या" असं उत्तर देत होता. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नाही, गेले ते बँकेचे पैसे. या प्रकरणात पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवलं.

यातून कोणत्याही व्यवसायाला दोन गोष्टी शिकता येतात.

पहिली, किल्ल्यांचा हिशेब. यंत्रणेत काहीही बदलण्याचा अधिकार, ज्याला 'अ‍ॅडमिन राइट्स' म्हणतात, किती लोकांकडे आहे? नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन त्याच दिवशी बंद होतं का? पासवर्ड चोरीला गेला तरी आत शिरता येऊ नये, म्हणून मोबाइलवरच्या ओटीपीसारखी दुसरी कडी लावली आहे का? ऑफिसच्या चाव्या रजिस्टरवर सही घेऊन देणाऱ्या कंपन्यांमध्येही चार जण एकच पासवर्ड वापरताना दिसतात. तोही मॉनिटरवर चिकटवलेला.

दुसरी गोष्ट, राखणीची. हल्ला ऑफिसच्या वेळेत होईल असं कुणी लिहून दिलेलं नाही. शनिवारी रात्री विचित्र व्यवहार सुरू झाले, तर ते कुणाच्या लक्षात येतील आणि तो माणूस कुणाला उठवेल? ही यादी नाव आणि फोन नंबरसह छापील हवी. कॉम्प्युटर बंद पडल्यावर कॉम्प्युटरमधली यादी उघडत नाही.

यात कायद्याचीही बाजू आहे. 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार, त्यात नमूद केलेल्या प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, लोकांची माहिती सुरक्षित ठेवण्यात हलगर्जी झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. "आयटीवाल्यांनी सांगितलं नाही" हा बचाव यापुढे महागात पडू शकतो.

प्रश्न ५: कॉम्प्युटर चुकत असेल, तर आपल्याला कळणार कसं?

आतापर्यंतच्या घटनांमध्ये पैसा बुडाला. पाचव्या घटनेत माणसं बुडाली.

ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून शाखांमध्ये 'होरायझन' ही हिशेबाची यंत्रणा बसवायला सुरुवात केली. फुजित्सू ही कंपनी ती पुरवत होती. लवकरच शाखा चालवणारे लोक तक्रार करू लागले, की गल्ल्यात पैसे बरोबर आहेत, पण स्क्रीन तूट दाखवतेय. पोस्ट ऑफिसचं उत्तर ठरलेलं असायचं: यंत्रणा बरोबर आहे, तुम्हीच पैसे खाल्ले.

पुढच्या सुमारे १५ वर्षांत ९०० हून जास्त लोकांना चोरी, अफरातफर किंवा खोट्या हिशेबासाठी दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले. अनेकांनी घरं विकून न झालेली तूट भरून दिली. काहींनी आयुष्य संपवलं, असं त्यांच्या कुटुंबीयांनी चौकशी समितीसमोर सांगितलं.

शाखेतल्या माणसाला कळू न देता बाहेरून त्याच्या हिशेबात बदल करता येत नाही, असं पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं सांगत राहिलं. ते खरं नव्हतं. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने यंत्रणेत दोष असल्याचं स्पष्ट केलं. २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून शेकडो लोकांच्या शिक्षा एकगठ्ठा रद्द केल्या.

देशाच्या कानाकोपऱ्यातले शेकडो प्रामाणिक लोक एकाच वेळी चोर कसे झाले, हा प्रश्न विचारायला सॉफ्टवेअर कळावं लागत नाही. पण स्क्रीनवरच्या आकड्याला अंतिम सत्य मानलं, की समोरच्या माणसाचं म्हणणं बहाणा वाटू लागतं.

हे फक्त ब्रिटनचं दुखणं नाही. हजेरीच्या मशीनने गैरहजर दाखवलं म्हणून पगार कापणं किंवा स्टॉकमध्ये तूट दिसली म्हणून गोदामातल्या माणसाला जबाबदार धरणं, हे निर्णय कोणत्याही ऑफिसात होतात. अशा वेळी मॅनेजरने तीन गोष्टी पाहाव्यात: हीच तक्रार आणखी कुणी केली आहे का? आकडा हाताने पडताळता येतो का? आणि ही नोंद कुणी, कधी बदलली याचा माग यंत्रणेत राहतो का?

मग हे प्रश्न विचारले का जात नाहीत?

एक कारण भीड. "मला एवढंही कळत नाही, असं वाटेल" ही भीती पद वाढतं तशी वाढत जाते. त्यावर साधा उपाय आहे. समोरच्याला म्हणावं, "हे मला साध्या भाषेत सांगा, मला वरच्या साहेबांना समजवायचंय." ज्याला विषय नीट कळलाय, त्याला तो सोपा करून सांगता येतो.

दुसरं कारण अधिक खोल आहे. 'वायर्ड'च्या वृत्तांतानुसार, मर्स्कच्या नेटवर्कची सुरक्षा सुधारण्याची योजना हल्ल्याच्या आधीच मंजूर झाली होती, पैसेही ठरले होते. पण ती पूर्ण करणं हे वरिष्ठ आयटी अधिकाऱ्यांच्या कामगिरीच्या निकषांत नव्हतं. ती केली म्हणून बोनस मिळणार नव्हता. योजना मागे पडत गेली.

म्हणजे लोकांना काय मोजून बक्षीस दिलं जातं, हा निर्णय होता. तो सर्व्हर रूममध्ये होत नाही, व्यवस्थापनाच्या बैठकीत होतो. विक्री वाढली तर कौतुक, पण वर्षभर काहीच बंद पडलं नाही तर कौतुक कुणाचं? उलट बजेट कापताना आधी त्याच विभागाकडे बोट जातं.

लहान व्यवसायांनी काय करावं?

आयटी विभागच नाही, एक अकाउंटंट आणि दोन कॉम्प्युटर आहेत, अशांसाठीही हेच प्रश्न लागू होतात. सुरुवात एवढ्यापासून करता येईल:

- हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झालं की ती काढून ठेवा. दुसरी प्रत दुकानाबाहेर किंवा क्लाउडवर.
- तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा.
- प्रत्येकाचं लॉगिन वेगळं ठेवा. माणूस गेला की लॉगिन बंद.
- वेबसाइटचं नाव, ईमेल आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स कुणाच्या नावावर आहे ते तपासा. ते काम करून देणाऱ्या मुलाच्या नावावर असेल, तर तुमच्या दुकानाची पाटी त्याच्या मालकीची आहे.
- नवं सॉफ्टवेअर घेताना विचारा: उद्या तुमच्याशी जमलं नाही, तर आमची माहिती आम्हाला कशा स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळेल? उत्तर लेखी घ्या.

या कामांना मोठा खर्च नाही. पुढच्या बैठकीत "सर, हे टेक्निकल आहे" असं कुणी म्हणालं, तर एवढंच विचारून पाहा: हे बंद पडलं तर आपला कोणता ग्राहक सगळ्यात आधी फोन करेल, आणि त्याला काय सांगायचं? याचं उत्तर आयटी टीम एकटी देऊ शकत नाही. ते मॅनेजरलाच द्यावं लागतं.